फॅनशॉ लिहायचं कसं?

Featherstonehaugh या इंग्रजी आडनावात अक्षरं सतरा, पण बोलताना सगळं ‘फॅनशॉ’त आटोपतं. देवनागरीत लिहायची वेळ आली की फेदरस्टोनहॉ लिहावं की फॅनशॉ, इथंच अडतं.

आपल्या ‘कर’वाल्या आडनावांसारखं हेही गावावरून आलेलं. उत्तर इंग्लंडमधल्या नॉर्थम्बरलंडमध्ये हॉल्टव्हिसलजवळ, साउथ टाइन नदीच्या काठी या घराण्याची मूळ गढी. ‘हॉ’ म्हणजे नदीकाठची मळई. ‘फेदर’चा मात्र पिसाशी संबंध नाही, जुन्या इंग्रजीत तो ‘चार’ या संख्येचा अवशेष. तीन उभे दगड, वर एक आडवा, अशी ती खूण.

खरा घोळ उच्चाराचा. बोलताना मधली व्यंजनं झिजत गेली, हे नेहमीचं स्पष्टीकरण. झीज होतेच, ‘चमली’ म्हणतात ते आडनाव लिहिताना ‘चोलमोंडेली’सारखं दिसतं. पण डर्बीशरमध्ये फॅनशॉ हे स्वतंत्र आडनाव आहे, वेगळ्या स्पेलिंगचं आणि तिथल्याच जागेवरून पडलेलं. ‘स्टोन’मधला ‘ट’ गेला, ‘न’ पुढे सरकला, ‘स’चा ‘श’ झाला, एवढं सगळं एकाच नावात घडलं, हे मला जरा ओढूनताणून वाटतं. दुसऱ्याचा तयार उच्चार याला चिकटला असावा, असं मानणं सोपं. शिवाय उच्चारकोशांत फीअरस्टनहॉ, फेस्टनहॉ हेही आहेतच. म्हणजे झीज झाली, पण ती थांबली ‘फेस्टनहॉ’पाशी. फॅनशॉ हाच ‘खरा’ उच्चार असं ठासून सांगणाऱ्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही.

नाव टिकलं ते निव्वळ वंशविस्तारावर नाही. ससेक्समधल्या अपपार्क या वाड्याच्या, याच आडनावाच्या मालकानं 1825 मध्ये, सत्तरी उलटल्यावर, आपल्याच दूधघरात काम करणाऱ्या विशीतल्या मुलीशी लग्न केलं. या शाखेच्या स्पेलिंगमध्ये पहिला ‘ए’ नाही, आणि ‘स्टोन’चा ‘ई’सुद्धा. मूल झालं नाही. तो 1846 मध्ये वारला, वाडा बायकोकडे गेला, तिच्यामागे बहिणीकडे. बहिणीनं आडनावही उचललं. 1895 मध्ये तीही गेल्यावर इस्टेट रक्ताचं नातं नसलेल्या घराकडे गेली, आणि तिच्यासोबत आडनावही. नव्या मालकांनी ते आपल्या मूळ आडनावाला जोडून घेतलं. आपल्याकडे दत्तकविधान झालं असतं. तिथं इस्टेटीबरोबर आडनाव चालत आलं.

1989 च्या आगीत वाड्याचा वरचा भाग जळाला, पुढे तो पुन्हा बांधला गेला.