डायनासोरचं शेण, बर्डीचा काळा दगड आणि आपलं धान्य

मानवजात कशाने संपू शकते, हे समजून घ्यायला आधी नागपूरची सीताबर्डीची टेकडी पाहू. ती काळ्या दगडाची आहे. नागपूरचा पश्चिमेकडचा भाग याच बेसाल्टवर वसलाय. पूर्वेला सरकलात की तो संपतो आणि कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाईस खडक लागतो. म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीपासून पसरलेल्या दख्खनच्या लाव्हाची कड या शहरातून जाते. आज उरलेला लाव्हाच ५ लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे. घराच्या पायात घालायची गिट्टी आपण ज्या खदानीतून आणतो, तो दगड डायनासोरांच्या शेवटच्या काळातला आहे.

हा लाव्हा एका दमात आला नाही. एक लोट थंड व्हायचा, मग हजारो वर्षं शांततेत जायची. खळग्यांत तळी साचायची, गोगलगायी आणि मासे यायचे, काठाला झाडं वाढायची आणि मग पुढचा लोट सगळं झाकून टाकायचा. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपुरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात टाकळीला दोन लोटांमधल्या अशाच गाळातून शंखांचे आणि फळांचे जीवाश्म गोळा केले. धर्मप्रसाराला आलेला हा स्कॉटिश माणूस विदर्भातला पहिला मोठा जीवाश्म-वेडा ठरला.

पण खरी गंमत चंद्रपूर जिल्ह्यात, वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यात आहे. तिथल्या शेतांत डायनासोरांच्या शेणाचे दगड झालेले गोळे सापडतात. त्यांच्या आत वनस्पतींच्या पेशींत तयार होणारे सिलिकाचे सूक्ष्म कण टिकून राहिलेत आणि कणाच्या आकारावरून वनस्पतीचं कूळ ओळखता येतं. २००५ साली संशोधकांना त्यांत गवताचे कण मिळाले. तोवर डायनासोरांच्या काळात गवत असेल असं फारसं कुणी धरत नव्हतं. पुढे २०११ मध्ये याच गोळ्यांच्या अभ्यासातून भाताच्या गोत्रातल्या गवताचा पुरावा पुढे आला. खाणारा संपला, गवत टिकलं. गहू, भात, ज्वारी, मका हा आपला सगळा संसार त्याच गवतांच्या कुळावर उभा आहे, म्हणून मानवजातीच्या नाशाची गोष्ट मला इथूनच सुरू करावीशी वाटते.

मेक्सिकोच्या युकातान भागात १० किलोमीटरच्या आसपासचा लघुग्रह आदळला, तेव्हा तिथे जवळपास १८० किलोमीटर व्यासाचं विवर पडलं. धक्क्याने, आगीने, लाटांनी मेले ते मेलेच. पण विदर्भातले प्राणी युकातानपासून अर्ध्या पृथ्वीइतके लांब होते. त्यांना गाठलं ते आभाळाने. दगडाचा भुगा, गंधकाचे कण आणि काजळी वर जाऊन उन्हाची वाट अडली. २०२३ च्या एका अभ्यासानुसार नुसत्या बारीक धुळीनेच प्रकाशसंश्लेषण जवळजवळ दोन वर्षं बंद पडलं असावं. हिरवं गेलं की हिरवं खाणारे गेले, मग त्यांना खाणारे. सुमारे तीन चतुर्थांश प्रजाती संपल्या. दख्खनच्या ज्वालामुखींचा यात वाटा किती, यावर अजून भांडण आहे. मुख्य घाव लघुग्रहाचा, याकडे बहुतेकांचा कल दिसतो.

याहून मोठा संहार २५.२ कोटी वर्षांपूर्वीचा. सायबेरियातला लाव्हा जमिनीखालच्या कोळशाच्या थरांत घुसला, कोळसा जळला, हवेत अफाट कार्बन गेला, समुद्र तापले, आम्ल झाले आणि समुद्रातल्या बहुतेक प्रजाती गेल्या. आपल्या कामठी, सिल्लेवाड्याचा कोळसाही त्या संहाराने संपलेल्या पर्मियन युगातला, संहाराच्या आधीच्या जंगलांचा. सायबेरियात लाव्हाने जे केलं ते आपण कोराडीच्या वीजकेंद्राच्या बॉयलरमध्ये करतो. एकूण कार्बनमध्ये आपण त्याच्या जवळपासही नाही, पण बहुतेक अंदाजांनुसार दरवर्षीच्या वेगात त्याला मागे टाकलंय. तापमानवाढीने माणूस नामशेष होईल असं मला वाटत नाही. ती इतर संकटांना धार लावते, हे मात्र खरं.

मग आपल्याला धोका कशाचा? लघुग्रहाचा सगळ्यात कमी. एक किलोमीटरहून मोठे, पृथ्वीजवळून जाणारे ९५ टक्क्यांहून जास्त लघुग्रह सापडलेत आणि येत्या शतकात त्यांतला एकही आपल्यावर येत नाही. २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानाने डायमॉर्फोस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन, त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची त्याची ११ तास ५५ मिनिटांची फेरी ३२ मिनिटांनी कमी केली. लोणारसारखं विवर पाडणारा दगड शहर संपवेल, मानवजात नाही. महाज्वालामुखीही दुर्मीळ. सुमात्रातला टोबा सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी फुटला. त्याची राख आंध्र प्रदेशात ज्वालापुरमला सापडते आणि राखेच्या थराखाली जशी दगडी हत्यारं आहेत तशी वरही आहेत. म्हणजे माणसं तगली.

प्रयोगशाळेत घडवलेल्या रोगजंतूंची किंवा हाताबाहेर गेलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेची भीती खोटी नाही, पण तिचं माप काढायला मागचा दाखला नाही. अणुयुद्धाचा हिशेब मात्र मांडता येतो, आणि तो पुन्हा आभाळापाशीच येतो. जळणाऱ्या शहरांची काजळी उन्हाने तापून आणखी वर चढते, पाऊस पडतो त्या थराच्या वर. तिथे तिला धुऊन काढायला पाऊसच नाही, त्यामुळे ती वर्षानुवर्षं तरंगते. २०२२ च्या एका अभ्यासात भारत-पाकिस्तान अणुयुद्धाने २०० कोटींहून अधिक आणि अमेरिका-रशिया युद्धाने ५०० कोटींहून अधिक लोक उपाशी मरतील असा अंदाज आला. बहुतेक जण बॉम्ब पडलेल्या देशांबाहेरचे.

विदर्भाच्या कोरडवाहू शेतकऱ्याने यातला मान्सूनचा भाग नीट पाहावा. आपला पाऊस जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर चालतो. काजळीने ऊन अडलं की जमीन झटकन थंड होते, समुद्र हळू. फरक घटला की वाऱ्याचा जोर उतरतो. १७८३ मध्ये आइसलँडच्या लाकी ज्वालामुखीच्या गंधकी धुराने भारताचा मान्सून दुबळा केल्याचं हवामानाची गणितं दाखवतात, आणि त्याच सुमाराला उत्तर भारतात चालिसा दुष्काळ पडला होता. १९९१ चा फिलिपिन्समधला पिनातुबो ज्वालामुखी त्या मानाने किरकोळ, तरी त्याने पृथ्वीचं तापमान अर्ध्या अंशाने उतरवलं. सोयाबीन-कापसाच्या पट्ट्यात जूनचा पाऊस पंधरा दिवस लांबला तर दुबार पेरणीची पाळी येते. अणुयुद्धानंतर सलग पाच-सहा खरीप हंगामांचा प्रश्न असेल.

जगात साठवलेलं तृणधान्य साधारण तीन-चार महिन्यांच्या वापराइतकं असतं. उलट, पिकवलेल्या तृणधान्यातलं सुमारे एक तृतीयांश जनावरांना जातं. अडचणीच्या वर्षी ते माणसांकडे वळवलं तर कित्येक महिने मिळतात. समुद्री शेवाळ, लाकडावर वाढणारी अळंबी आणि मिथेनवर पोसलेल्या जिवाणूंचं प्रथिन यांवरही काम सुरू आहे, कारण यांना ऊन कमी लागतं किंवा लागतच नाही. मला यातला सगळ्यात दुर्लक्षित उपाय वाटतो तो व्यापार चालू ठेवण्याचा: एरवी पीक बुडालं की प्रत्येक देश आधी निर्यात बंद करतो. २०२२ च्या उन्हाळ्यात उष्णतेने गहू घटल्यावर भारतानेही गव्हाची निर्यात थांबवली होती, आणि तेव्हा आभाळ स्वच्छ होतं.