दंडाची पावती आणि ब्रेकचं अंतर

वेगमर्यादा मोडल्याच्या दंडाची पावती आली, की ‘ही नुसती वसुली आहे’ अशी तक्रार होते. पण आधी वेगाचं पाहू. मोकळ्या महामार्गावर ताशी 100 आणि 120 किलोमीटरमधला फरक जाणवतही नाही. तो कळतो ब्रेक दाबल्यावर. शेजारशेजारच्या लेनमधून या दोन वेगांनी दोन गाड्या चालल्या आहेत आणि समोर अचानक अडथळा आला, असं समजा. दोन्ही चालकांचा पाय ब्रेकवर पडायला दीड सेकंद गेला, ब्रेकही सारखेच. कोरड्या रस्त्यावर पहिली गाडी साधारण 97 मीटरवर थांबेल. त्याच ठिकाणी दुसरीचा वेग असेल ताशी 77 किलोमीटरच्या आसपास! कारण ब्रेकला जिरवायची असते ती गतिज ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग 20 टक्के जास्त, तर ऊर्जा 44 टक्के जास्त. शिवाय त्या दीड सेकंदातच दुसरी गाडी आठ मीटर जास्त पुढे आलेली असते.

स्वीडनचे संशोधक योरान निल्सन यांनी वेगमर्यादा बदललेल्या रस्त्यांचा अभ्यास करून एक ठोकताळा मांडला: सरासरी वेग 1 टक्क्याने वाढला, की जीवघेणे अपघात सुमारे 4 टक्क्यांनी वाढतात.

मग ‘ही नुसती वसुली आहे’ ही तक्रार खोटी का? मुळीच नाही. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या दंडांच्या नोंदी तपासून मायकेल माकोव्स्की आणि थॉमस स्ट्रॅटमन या अर्थतज्ज्ञांनी 2009 मध्ये दाखवलं, की गावाची तिजोरी आटली की बाहेरगावच्या चालकांना दंड होण्याची शक्यता वाढते. पण याच दोघांचा 2011 चा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो: पैशांच्या चणचणीपोटी दंड वाढले, तरी त्यामुळे अपघात आणि जखमींची संख्या कमी झाली. हेतू पैशाचा, परिणाम सुरक्षेचा. अमेरिकेत 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची मर्यादा आली ती तर इंधन वाचवायला. त्या वर्षी रस्त्यांवरचे मृत्यू सुमारे 54 हजारांवरून 45 हजारांवर आले. तेलटंचाईमुळे लोकांचा प्रवासही घटला होता, म्हणून सगळं श्रेय मर्यादेला देता येत नाही.

तेव्हा मर्यादा कुणी कशासाठी लावली, यापेक्षा ती कुठे आणि कशी राबवली जाते हे तपासायला हवं. रुंद, सरळ रस्त्यावर मर्यादा एकदम खाली येते आणि पाटीला लागूनच कॅमेरा असतो, तिथे माझा संशय बळावतो. एखाद्या जागी वर्षानुवर्षं तितकेच चालक पकडले जात असतील, तर तिथे वेग कमी झालेलाच नाही. तिथे पाटी बदलावी, नाहीतर रस्त्याची रचना.

दोन कॅमेऱ्यांमधला सरासरी वेग मोजण्याची पद्धत मला म्हणूनच सर्वांत प्रामाणिक वाटते. कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबून तिथे सुटका होत नाही, वेग कित्येक किलोमीटर आटोक्यात ठेवावा लागतो. ती नीट चालली, तर दंडाची रक्कम आपोआप घटत जाते.