गोटीला गंज बुडाशीच का चढतो?

“क्रोम व्हॅनेडियम आहे काका, गंजायचं नाव घेणार नाही.” सांगलीत शंभर फुटी रोडला काय किंवा मिरजेत काय, गोट्यांचा, म्हणजे नट-बोल्ट फिरवायच्या सॉकेटचा, संच घ्यायला गेलात तर हे वाक्य ऐकायला मिळतंच. गोटीच्या अंगावर ती अक्षरं कोरलेलीही असतात. पुढे दसऱ्याला पूजेसाठी पेटी उघडली की त्याच गोटीच्या बुडाला तांबडी कड धरलेली दिसते आणि सगळं खापर ‘डुप्लिकेट माला’वर फुटतं. माल खोटा असेलही. पण खऱ्या क्रोम व्हॅनेडियमलाही गंज चढतोच.

क्रोम व्हॅनेडियम हे आतल्या पोलादाचं नाव. त्यात क्रोमियम साधारण १ टक्का, व्हॅनेडियम त्याहून बरंच कमी. जाम झालेला नट सोडवताना गोटी फाटू नये म्हणून ते घातलेलं असतं. गंजाला दाद न देणारं स्टेनलेस पोलाद हवं तर क्रोमियम किमान साडेदहा टक्के लागतं. आपल्या गोटीची चमक असते ती मुलाम्याची: खाली निकेलचा थर, त्यावर क्रोमियमचा एका मायक्रॉनहूनही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही) पातळ पदर. या मुलाम्यात डोळ्याला न दिसणारी छिद्रं असतात, वापरून चरे पडतात ते वेगळेच. पत्र्यावरचं जस्त स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. निकेलचं उलट आहे. निकेल शाबूत राहतं आणि छिद्राखालच्या एवढ्याशा लोखंडावर सगळा भार येतो.

आता माझा आवडता भाग. लोखंड गंजायला हवा आणि पाणी लागतं, हे आपण शाळेत खिळे आणि परीक्षानळ्या मांडून शिकलो. त्यावरून बहुतेकांनी मनात गाठ बांधली की जिथे हवा जास्त तिथे गंज जास्त. म्हणून गोट्या फडक्यात गच्च गुंडाळायच्या, स्पंजात रुतवायच्या, हवा लागू द्यायची नाही. गंमत अशी, की लोखंड खाल्लं जातं ते बरोबर हवा न पोचणाऱ्या जागी.

१९२०च्या दशकात केंब्रिजमध्ये यूलिक इव्हान्स यांनी हे एका थेंबात दाखवलं. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा थेंब ठेवायचा. थेंबात दोन रसायनं आधीच मिसळलेली: पोटॅशियम फेरिसायनाइड आणि फिनॉल्फ्थॅलिन. पहिलं, लोखंड विरघळून पाण्यात उतरलं की निळं होतं. दुसरं, पाणी अल्कधर्मी झालं की गुलाबी. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके कसेही विखुरलेले दिसतात. थोड्या वेळात चित्र बदलतं. थेंबाची कड गुलाबी होते, मध्यभाग निळा, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे तांबूस गंजाचं कडं.

का? थेंब कडेला पातळ असतो, त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तिथे लगेच पत्र्यापर्यंत पोचतो. मध्ये पाणी खोल असतं. तिथला ऑक्सिजन सुरुवातीलाच संपतो आणि नवा उतरायला वेळ लागतो. कडेचा ऑक्सिजन इलेक्ट्रॉन मागतो. ते मिळाले की पाण्याबरोबर त्याचे हायड्रॉक्साइड आयन बनतात (हीच ती गुलाबी कड). हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत येतात मधल्या भागातून, आणि ते सोडणारा लोखंडाचा प्रत्येक अणू आयन होऊन पाण्यात उतरतो. म्हणजे थेंबभर पाण्याखाली एक विद्युतघट तयार झाला. हवा खाणारी जागा एक आणि झिजणारी जागा दुसरी! तांबडा गंज साचतो ती तिसरी, कारण लोखंडाचे आयन कडेकडे सरकताना हायड्रॉक्साइड आणि ऑक्सिजनला वाटेत भेटतात. तांबडं दिसतं तिथेच खड्डा असेल असं नाही, ते यामुळेच.

गोटी ओलसर स्पंजावर उभी केली की बुडाखालची फट म्हणजे थेंबाचा मधला भाग आणि बाहेरचं ओलं अंग म्हणजे कड. त्यात हाताच्या घामातलं मीठ. फटीत धन भाराचे लोह आयन वाढले की भार जुळवायला ऋण भाराचे क्लोराइड आयन बाहेरून आत ओढले जातात. लोह आयनांची पाण्याशी प्रक्रिया होऊन हायड्रोजन आयन सुटतात, म्हणजे फटीतलं पाणी आम्ल होतं. आम्लात लोखंड आणखी वेगाने विरघळतं, आणखी क्लोराइड आत येतं. एकदा सुरू झालेली फट स्वतःच स्वतःला पोसते. (हा परिच्छेद जड गेला असेल तर सोडून द्या, थेंबाचं चित्र तेवढं डोक्यात ठेवा.)

“पण पेटीत पाणी येतं कुठून?” हवेतून. पावसाळ्यात २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता असेल, तर सुमारे २६ अंशांच्या वस्तूवर दव धरतं. फक्त दोन अंशांचा फरक! रात्रभर व्हरांड्यात गार पडलेली पत्र्याची पेटी सकाळी उघडली की आतलं लोखंड थंड पाण्याच्या तांब्यासारखं घामेजतं. तुम्हाला दिसत नाही एवढाच फरक.

यावर बुटांच्या खोक्यातली सिलिका जेलची पुडी पेटीत टाकून निर्धास्त होणारे पुष्कळ आहेत. हिशेब करून बघा. वर सांगितलेल्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं, म्हणजे २० लिटरच्या पेटीत अर्धा ग्रॅम. सिलिका जेल फार तर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढं पाणी धरते. ५ ग्रॅमची पुडी तीन-चार वेळा पेटी उघडली की संपली. शनिवारी लोखंड विकत घेऊ नये म्हणणाऱ्यांच्या आणि या पुडीवर विसंबणाऱ्यांच्या श्रद्धेत मला फारसा फरक दिसत नाही. हळद-कुंकवाचं मात्र सांगतो. खंडेनवमीला हत्यारं जरूर पुजा, पण ओलं गंध गोटीवर तसंच वाळू दिलं की त्या ठिपक्याखाली पुन्हा तोच इव्हान्सचा थेंब.

मग ठेवायच्या कशा? गोटीचं कमीत कमी अंग कशालाही टेकलं पाहिजे. गोटीत दांडा बसतो त्या चौकोनी भोकात खटका बसवून गोटी अधांतरी धरणारी पट्टी मिळते, ती मला सगळ्यांत पटते. अर्ध्या इंचाच्या भोकाच्या गोट्या एका पट्टीवर, पाव इंचाच्या दुसरीवर, माप वर दिसेल अशा. घरच्या घरी फळीवर खुंट्या ठोकल्या तरी चालतं, फक्त लाकूड वाळलेलं आणि रंगवलेलं हवं. कच्च्या लाकडातून आम्लाची वाफ सुटते. स्पंजच घालायचा तर पाणी न पिणारा, बंद छिद्रांचा घ्या. चुंबकाच्या ट्रेला लोखंडाचा कीस चिकटतो, त्यामुळे अधूनमधून पुसावा लागतो. काम झालं की गोटी पुसून तेलाचं बोट फिरवायचं, आतून विशेष. इम्पॅक्टच्या (झटके देत नट फिरवणाऱ्या यंत्राच्या) काळ्या गोट्यांना तर तेल हवंच, कारण त्यांचा काळा थर सच्छिद्र असतो आणि संरक्षण करतं ते त्यात मुरलेलं तेल. नवं बेअरिंग ज्या गंजरोधक कागदात गुंडाळून येतं, तो कागद फेकू नका. त्यातून सुटणारी वाफ बंद पेटीत धातूवर पातळ थर धरते.

२०१९ आणि २०२१च्या पुरात कृष्णेचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं, त्यांच्या पेट्यांत गाळही गेला. अशा वेळी घाईने वरून तेल ओतणारे लोक असतात. गाळाच्या थराखाली ओल कोंडलेली, हवा बंद, आणि वरून तेलाचं झाकण. गाळाच्या कडेला मात्र गोटीचं उघडं अंग हवेत. आधी स्वच्छ पाणी आणि दातांचा जुना ब्रश घेऊन चौकोनी भोकातला, खटक्याच्या खाचेतला गाळ काढायचा, मग उन्हात पूर्ण वाळवायचं, आणि तेल सगळ्यांत शेवटी. रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दात्यांचा दांडा, उघडता येत असेल तर तीही उघडून धुवावी, कारण दात्यांमध्ये अडकलेला गाळ बाहेरून दिसत नाही.