दुसऱ्याचं सूत्र नीट करून देणं: आधी काय होतं

प्रश्नोत्तरांच्या साइटवर कोणीतरी साध्या कीबोर्डवर कसंबसं टाइप केलेलं सूत्र आपण परस्पर लेटेकमध्ये (गणित नीट मांडायची संगणकातली पद्धत) देखणं करून टाकावं की नाही, यावरची भांडणं खरं तर गेल्या पंधराएक वर्षांतलीच. खिळे जुळवायच्या काळात गणित लावणं महाग पडायचं, टेकमध्ये (लेटेक ज्यावर उभं आहे तो प्रोग्राम) सूत्राभोवती डॉलरचं चिन्ह आलं ते त्यावरूनच. पण तेव्हा प्रूफ बघणाऱ्याला शंका आली की तो समासात प्रश्नचिन्ह टाकून लेखकाकडे परत पाठवायचा. १९७७ मध्ये एक अमेरिकन प्राध्यापक स्वतःच्या पुस्तकाची प्रुफं बघून वैतागला आणि टेक लिहायला बसला, ती गोष्ट सगळ्यांना माहितीये.

मग ईमेलचा जमाना. क्ष^२ लिहायचं, वर्गमूळ शब्दात लिहायचं, चालायचं सगळं. मुख्य म्हणजे गेलेल्या मेलला दुसरं कोणी हात लावूच शकत नव्हतं, चूक दाखवायची तर उत्तरात, सगळ्यांसमोर. २०१० च्या सुमारास मॅथजॅक्स आलं, त्याने लेटेकमधली सूत्रं ब्राउजरमध्येच छान दिसायला लागली आणि त्याच सुमारास प्रश्नोत्तरांच्या साइटवर दुसऱ्याचा मजकूर एडिट करायची सोयही मिळाली, म्हणजे सुधारणा आता गुपचूप होऊ लागली.

सगळा घोळ १/२क्ष पाशी. मी स्वतः एका पोराच्या प्रश्नात हा उद्योग केलाय. त्याने १/२क्ष चं इंटिग्रेशन विचारलं होतं, मी दोन आणि क्ष दोन्ही छेदात टाकून मोकळा झालो. लोकांनी लॉगवालं उत्तर दिलं, आणि त्याच्या पुस्तकात होतं क्ष वर्ग भागिले चार! त्याला अर्धा क्ष म्हणायचा होता, आणि आम्ही त्याचं पुस्तक चुकलंय म्हणून बसलो. बरं, यात त्याचीही चूक म्हणता येत नाही, ६÷२(१+२) ला काही कॅल्क्युलेटर १ दाखवतात, काही ९. तिरक्या रेघेनंतर कंसाशिवाय गुणाकार लिहू नका असं आंतरराष्ट्रीय मानकात स्पष्ट आहे, पण अकरावीतल्या पोराने ते कुठे वाचायचं?

त्रिकोणमितीतल्या साइनची (sin) अक्षरं तिरकी पडली म्हणून सरळ केली तर कोणाचं काही बिघडत नाही. "फक्त फॉरमॅटिंग" म्हणून सरसकट जे खपवतात ते मला पटत नाही, कारण अपूर्णांकाची आडवी रेघ मारली की कंस कुठे होता ते तुम्हीच ठरवलेलं असतं. म्हणून हल्ली बरेच जण आधी प्रश्नाखाली कमेंटमध्ये विचारतात, "क्ष वर की खाली?", आणि उत्तर येईपर्यंत ती तिरकी रेघ तशीच राहू देतात.