भागाकाराने निवडून आलेले कैदी

१० जून २०२२ला महाराष्ट्रातून राज्यसभेच्या सहा जागांसाठी मतदान झालं आणि निकाल लागायला पहाट झाली. सहाव्या जागेवर शिवसेनेच्या संजय पवारांना पहिल्या पसंतीची ३३ मतं होती, भाजपच्या धनंजय महाडिकांना २७. निवडून आले महाडिक. पुढचे दोन दिवस ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच शब्द होता: चमत्कार. अर्ज भरायलासुद्धा मुहूर्त काढणारं आपलं राजकारण. त्यात कुणी ग्रहमान शोधलं असेल तर नवल नाही. कुणाची मतं कुणी आणि कशी वळवली, हा भाग राजकारणाच्या वार्ताहरांवर सोडू. पण २७ने ३३ला हरवणं हा चमत्कार नव्हता, भागाकार होता. शाळेत शिकलेला, बाकी उरणारा भागाकार.

हा भागाकार आपल्याकडे २८८ आमदारांच्या बंद सभागृहात चालतो, म्हणून तो गूढ वाटतो. तो भर शहरात, हजारो सामान्य मतदारांच्या हातात कसा चालतो हे पाहायचं तर मला कॅनडातला एक मतदारसंघ सगळ्यात आवडतो. मॅनिटोबा प्रांताच्या विधानसभेतला विनिपेग. १९२० ते १९४५ या काळात हे अख्खं शहर म्हणजे एकच मतदारसंघ होता आणि त्यातून एका वेळी दहा आमदार निवडून जायचे.

आधीची पार्श्वभूमी थोडक्यात. विनिपेग हे रेड आणि असिनिबोइन या दोन नद्यांच्या संगमावरचं रेल्वेचं शहर. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेच्या रुळांच्या उत्तरेला नॉर्थ एंड: युक्रेनी, ज्यू, पोलिश, जर्मन कामगारांची दाट वस्ती. असिनिबोइनच्या दक्षिणेला धान्याच्या व्यापाऱ्यांचे आणि वकिलांचे बंगले. १५ मे १९१९ला इथे सार्वत्रिक संप झाला, तीसएक हजार कामगार सहा आठवडे बाहेर राहिले. २१ जूनला घोडेस्वार पोलिसांनी गोळीबार केला, दोन माणसं मेली. संप मोडला आणि पुढाऱ्यांवर राजद्रोहाच्या कटाचे खटले भरले गेले.

त्यानंतर वर्षभरात, २९ जून १९२०ला, प्रांताची निवडणूक आली. तोवर शहराचे तीन भाग आणि प्रत्येक भागात दोन जागा अशी मांडणी होती. ती मोडून सरकारने शहर एक केलं, जागा दहा केल्या आणि मतदारांना सांगितलं: फुली मारू नका, आकडे लिहा. सगळ्यात आवडता उमेदवार १, त्याच्यानंतरचा २, मग ३, पुढे हवं तितकं. दहा जागांना ४१ उमेदवार उभे होते. त्यातले विल्यम आयव्हेन्स, जॉन क्वीन आणि जॉर्ज आर्मस्ट्राँग हे तिघे संपाबद्दल एकेक वर्षाची शिक्षा भोगत तुरुंगात होते. तिघेही निवडून आले.

(राज्यसभेच्या त्या निवडणुकीत आपले दोन आमदार तुरुंगात होते आणि त्यांना मत द्यायलाही बाहेर सोडलं नव्हतं. तुलना एवढ्यापुरतीच.)

कैद्यांना कोण निवडून देतं? लोकांची सहानुभूती होतीच. पण ती एका चौथ्याच माणसाच्या नावावर गोळा झाली होती. फ्रेड डिक्सन, संपाच्या काळात संपकऱ्यांचं वर्तमानपत्र चालवणारा. त्याच्यावरही खटला झाला, त्याने स्वतःच स्वतःची बाजू मांडली आणि सुटला. तो शहराचा हिरो होता. पहिल्या पसंतीची साडेअकरा हजारांहून जास्त मतं त्याला मिळाली. निवडून यायला लागत होती साधारण ४,३००.

हे ४,३०० कुठून आले, ही या सगळ्या यंत्रातली माझी लाडकी जागा. बहुतेकांना वाटतं, दहा जागा आहेत तर एकूण मतांना दहाने भागायचं. चूक. अकराने भागायचं.

छोटं उदाहरण घ्या. गणेश मंडळात ४० सभासद आहेत आणि कार्यकारिणीच्या ३ जागा भरायच्या आहेत. ४०ला तिनाने भागलं तर १३ येतात. पण १३ मतांची अट जास्त कडक आहे. खरा प्रश्न असा विचारायचा: किती मतं मिळाली की मला चौथ्या क्रमांकावर ढकलणं अशक्य होईल? समजा मला ११ मिळाली. मला चौथा करायचं तर आणखी तिघांना किमान ११-११ मतं हवीत. चार अकरे चव्वेचाळीस. मंडळात माणसंच ४० आहेत. म्हणजे ११ मतं असलेला माणूस आत आलाच. १० मतांवर मात्र ही खात्री देता येत नाही, कारण चार दाहे चाळीस, चौघे बरोबरीत अडकू शकतात. म्हणून नियम असा: एकूण मतांना 'जागा अधिक एक'ने भागा आणि भागाकारात एक मिळवा. हाच कोटा. हेन्री ड्रूप या इंग्लिश वकिलाने तो १८६८मध्ये मांडला. जागा एकच असेल तर हे सूत्र 'निम्म्याहून एक जास्त' असं होतं, म्हणजे आपलं ओळखीचं साधं बहुमत. बहुमत ही ड्रूपच्या सूत्राची एक जागेची आवृत्ती आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी वहीत दोनदा करून पाहिलं होतं.

आता डिक्सनकडे. त्याला ४,३०० पुरत होती, उरलेली ७,२००च्या आसपास मतं नुसती ढिगात पडून राहणार होती. आपल्या नेहमीच्या निवडणुकीत ती तशीच राहतात. लाखाच्या फरकाने जिंकणाऱ्याचा लाख कुणाच्या कामी येत नाही. इथे ती पुढे सरकतात. पण साडेअकरा हजारांतली नेमकी कुठली ७,२००? सुरुवातीच्या काळात ढिगातल्या वाटेल त्या चिठ्ठ्या उचलत. मग निकाल हात कुठे पडला यावर अवलंबून राहायचा. १८८०मध्ये मेलबर्नच्या जे. बी. ग्रेगरी यांनी यावर तोड सुचवली: एकही चिठ्ठी निवडू नका, सगळ्याच सरकवा, पण किंमत कमी करून. डिक्सनच्या प्रत्येक मताला एक रुपया माना. त्यातले साधारण ३७ पैसे डिक्सनला निवडून आणण्यात खर्च झाले. उरलेले ६३ पैसे त्या चिठ्ठीवर ज्याच्या नावापुढे २ लिहिलंय त्याच्या खात्यात. प्रत्यक्षात हे अपूर्णांकाने करायचं की तेवढ्याच प्रमाणात अख्ख्या चिठ्ठ्या वाटायच्या, याचे निरनिराळे पंथ आहेत. हिशेबाचं तत्त्व एकच. डिक्सनला १ देणाऱ्या कामगाराने २ आणि ३ बहुधा त्याच्या सोबत्यांनाच दिले होते. जादा मतं तुरुंगाच्या दिशेने गेली ती अशी.

राज्यसभेला हेच झालं. आमदार थोडे असतात, म्हणून अपूर्णांक टाळायला आपल्या नियमांत प्रत्येक मताची किंमत १०० धरतात. वैध मतं २८४, म्हणजे २८,४००. जागा सहा, म्हणून सातने भागा, एक मिळवा: ४,०५८. महाडिकांच्याच पक्षाचे पियूष गोयल आणि अनिल बोंडे यांना प्रत्येकी ४८ मतं, म्हणजे ४,८००. जादा प्रत्येकी ७४२. दोघांची मिळून साधारण साडेचौदाशे. महाडिकांच्या २,७००मध्ये ती घाला. ४,०५८ कधीच ओलांडले. पवारांच्या ३,३००ला एवढी मोठी शिल्लक कुठूनच येणार नव्हती.

उलट दिशेचं काम यापेक्षा सोपं: कुणीच कोट्यापर्यंत पोचत नसेल तर सगळ्यात कमी मतांचा उमेदवार बाद करायचा आणि त्याच्या चिठ्ठ्या पुढच्या पसंतीला पूर्ण उरलेल्या किमतीने द्यायच्या. एक गाठ मात्र राहते. समजा एखादा उमेदवार दुसऱ्याकडून आलेल्या मतांमुळे कोट्यापलीकडे गेला. त्याची जादा मतं काढताना कुठल्या चिठ्ठ्या बघायच्या? आपला नियम म्हणतो, शेवटी आलेला गठ्ठाच बघा. काही देश म्हणतात, सगळ्या बघा. दोन्ही पद्धतींत निकाल वेगळा लागू शकतो, आणि यावर गणितज्ञ अजून भांडतात. इथे डोकं गरगरलं असेल तर हा परिच्छेद सोडून द्या, पुढे अडणार नाही.

१९२०चा निकाल असा लागला: दहापैकी चार कामगार पक्षांचे, चार लिबरल, दोन कॉन्झर्व्हेटिव्ह. कामगार उमेदवारांची पहिल्या पसंतीची मतं होती चाळीस टक्क्यांच्या थोडी वर. टक्के आणि जागा इतक्या जवळ. प्रत्येकाला दहा फुल्या देऊन वरचे दहा घेतले असते, तर हाच चाळीस टक्क्यांचा एकगठ्ठा गट विरोधकांतल्या फुटीमुळे बहुतेक सगळ्या जागा घेऊन गेला असता. एडिथ रॉजर्स याच यादीतून आल्या, मॅनिटोबाच्या विधानसभेतल्या पहिल्या महिला. प्रांतातल्या स्त्रियांना मताचा हक्क मिळून तेव्हा जेमतेम चार वर्षं झाली होती.

या मतदारसंघाचा पुढचा इतिहास मी भाजकाचा इतिहास म्हणून वाचतो. भाजक ११ असताना कोटा नऊ टक्के. म्हणजे शहरातल्या दर अकरा मतदारांतला एक तुमच्या मागे असेल तर तुम्ही विधानसभेत. म्हणूनच १९३६मध्ये जेम्स लिटरिक हे कम्युनिस्ट इथून निवडून आले. १९४०मध्ये पक्षावर बंदी आल्यावर त्यांना सभागृहातून काढलं. १९४१मध्ये बिल कार्डाश आले, स्पेनच्या यादवी युद्धात एक पाय गमावलेले, तेही कम्युनिस्ट. त्याच १९३६च्या निवडणुकीत, आधी न्यायाधीशपदावरून काढून टाकलेले लुईस स्टब्स अपक्ष उभे राहिले आणि कोट्याच्या कितीतरी पट मतं घेऊन पहिले आले.

१९४९मध्ये शहराचे तीन तुकडे झाले: नॉर्थ, सेंटर, साउथ. प्रत्येकी चार जागा. पद्धत तीच, आकडे लिहिणं तेच, पण भाजक ११वरून ५वर आला आणि कोटा नऊवरून वीस टक्क्यांवर चढला. मतदार तेच होते, शहर तेच होतं. कार्डाश १९४९ आणि १९५३लाही टिकले, कारण त्यांची मतं नॉर्थ एंडमध्ये दाटीने होती. तीच मतं शहरभर विखुरलेली असती तर वीस टक्के कुठल्याच तुकड्यात भरले नसते. १९५८च्या निवडणुकीपासून प्रांतभर एकेका जागेचे मतदारसंघ आले आणि फुली परत आली.

ही पद्धत म्हणजे लोकशाहीवरचं रामबाण औषध असं सांगणारे कॅनडात आजही भेटतात. त्यांना एवढंच दाखवावं: १९२१च्या जनगणनेत मॅनिटोबाची लोकसंख्या सहा लाख दहा हजार होती, त्यात विनिपेगचे एक लाख एकोणऐंशी हजार. जवळपास तीस टक्के माणसं, आणि विधानसभेच्या ५५पैकी जागा १०. शहराच्या आत मताचा पैसा न् पैसा मोजला जात होता, पण मुळात शहराला दहाच रुपये द्यायचे हे आधीच ठरलेलं होतं. खेड्यांच्या जोरावर जॉन ब्रॅकन १९२२पासून १९४३पर्यंत पंतप्रधान राहिले (तिथे तेव्हा प्रांताच्या प्रमुखालाही आपण भाषांतरात पंतप्रधानच म्हणू). कोट्याच्या सूत्रात जागांचा आकडा बाहेरून येतो. तो कुणी टाकला हे सूत्र विचारत नाही.

विनिपेगची नगरपरिषद मात्र ही पद्धत १९७१पर्यंत वापरत राहिली, म्हणजे तिथल्या दोन पिढ्या मतपत्रिकेवर आकडे लिहिण्यात तरबेज होत्या. आपल्याकडे सामान्य मतदाराला ही संधी मिळते ती विधान परिषदेच्या पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघांत. तिथे केंद्रावर दिलेल्या पेनाने आकडाच लिहावा लागतो. मराठी, इंग्रजी, रोमन कुठलाही चालतो, पण अक्षरात 'एक' लिहिलं किंवा बरोबरची खूण केली तर मत बाद. पदवीधरांच्या मोजणीत अशी बाद मतं हजारोंनी निघतात.