धरणातून दर्यात: कयाक फिशिंग स्पर्धेला जाणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

लातुरात कयाकचं दुकान म्हटलं की नवा माणूस आधी हसतो. 2016 साली ज्या गावाला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तिथं होड्या विकता? विकतो, आणि भाड्यानंही देतो. आमच्या कयाकवरून मांजरा आणि तेरणाच्या पाण्यात मरळीला गळ लावणारे काहीजण आता कोकणातल्या स्पर्धांची चौकशी करतात. हे पत्रक त्यांच्यासाठी.

धरणात आपण जागा शोधतो. शेवाळाची कड, बुडालेलं झाड, तिथं बेडकाचं ल्युअर (नकली आमिष) टाकायचं आणि वाट बघायची. समुद्रात जागेआधी वेळ शोधावी लागते. खडकाजवळचा तांब किंवा खाडीतला जिताडा पाण्याला ओढ असेल तेव्हा खातो, ओढ थांबली की तोच खडक रिकामा वाटतो.

तिथी बघा, मग तारीख

भरतीचा अंदाज घरातल्या दिनदर्शिकेवरून बांधता येतो. किनाऱ्यावरची जुनी रीत अशी, की तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. पहाटे एकदा, दुपारी-संध्याकाळी एकदा. तिथून साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं, म्हणून त्या बंदराचं भरतीचं कोष्टक बघाच. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जोरात धावतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी सुस्त.

आता यात वारा मिसळा. हिवाळ्यात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा असतो, आणि अकरा-बाराच्या सुमाराला समुद्राकडून खारा वारा उठतो. समजा स्पर्धा सकाळी साडेसहा ते साडेबारा आहे. चतुर्थीचा दिवस असेल तर सव्वानऊपर्यंत ओहोटी. म्हणजे सकाळी पाणी आणि वारा दोघंही तुम्हाला बाहेर नेणार. कयाक भन्नाट पळते आणि माणसाला वाटतं आपला दंड तयार झालाय. दंडाचं त्यात काही नसतं. दर दहा मिनिटांनी मागं वळून किनारा बघा. नऊनंतर पाणी फिरतं, पुढं वाराही आत ढकलतो आणि परतणं सोपं होतं.

पौर्णिमेचं गणित उलटं. सकाळभर भरती, सगळं गोड. बाराच्या सुमाराला ओहोटी लागते, त्याच वेळी समोरून खारा वारा. खाडीच्या तोंडाशी बाहेर निघालेलं पाणी आणि आत येणारा वारा भिडले की उभ्या, आखूड लाटा उठतात. कयाक उलटण्याची जागा हीच. अशा दिवशी शेवटच्या अर्ध्या तासातल्या माशाचा मोह सोडा आणि आधीच आत या.

मासा मोजायचा, सोडायचा

बऱ्याच कयाक स्पर्धांत वजनकाटा नसतो. मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवून फोटो काढायचा आणि पाण्यात सोडायचा. सर्वांत लांब तीन किंवा पाच माशांची बेरीज धरतात. किती आणि कोणत्या जातींचे, ते त्या-त्या आयोजकांच्या नियमात वाचा. फोटोत तोंड मिटलेलं आणि फळीच्या उभ्या टोकाला टेकलेलं हवं, शेपूट पूर्ण दिसायला हवी, आणि त्या दिवशी सकाळी दिलेलं ओळखीचं टोकन चौकटीत हवं. आमच्यापैकी एकानं (नाव सांगत नाही, पत्रक त्यानंच लिहिलंय) पहिल्याच स्पर्धेत झकास जिताड्याचा फोटो टोकन खिशात ठेवून काढला. मासा गेला, गुणही गेले. तेव्हापासून टोकन मनगटाला बांधतो.

याचा सराव मांजऱ्यावर चिलापीवर करा. एका हातात मासा, दुसऱ्यात फोन, मांडीवर फळी, आणि कयाक डुलतेय. दहा मासे झाले की हात बसतो. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा स्थानिक मच्छीमार संस्थेकडे असतो, त्यांना विचारूनच उतरा. नाथसागरावर जायचा बेत असेल तर ते पक्षी अभयारण्य आहे हे ध्यानात ठेवा. मालवणलाही सागरी अभयारण्य आहे, तिथं कुठं गळ टाकता येतो ते आधी विचारा.

खाऱ्या पाण्यातला शिंगाळा गळाला लागला तर हातानं धरू नका, पक्कड वापरा. पाठीवरच्या आणि दोन्ही बाजूंच्या काट्यांत विष असतं. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवा आणि दवाखाना गाठा.

जाकीट आणि परत चढणं

लाइफ जाकीट पूर्ण वेळ अंगात. सीटमागं खोचलेलं जाकीट बहुतेक स्पर्धांत बाद करतं, आणि आमच्या भाड्याच्या अटीतही ते चालत नाही. उलटलेली कयाक सरळ करून खोल पाण्यातून पुन्हा वर चढणं ज्याला जमत नाही, त्याला आम्ही समुद्रासाठी कयाक देत नाही. रविवारी सकाळी शिकवतो, फी नाही. फोन पाणबंद पिशवीत, शिट्टी गळ्यात, वल्हं दोरीनं बांधलेलं. तटरक्षक दलाचा मदत क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093. दोन्ही फोनमध्ये आत्ताच टाका.

वाट आणि मीठ

सोलापूर-कोल्हापूरवरून आंबा घाट उतरणार असाल तर कयाकला दोन पट्टे, शिवाय पुढं-मागं एकेक दोरी. उन्हात पट्टे करकचून आवळू नका, प्लास्टिक तापून तळ दबतो. स्पर्धेच्या आदल्या दुपारपर्यंत पोचा. रात्रभर गाडी चालवून पहाटे समुद्रात उतरणाऱ्याला आम्ही शूर म्हणत नाही.

मिठाचं आपल्याला भान नसतं, कारण धरणानंतर रील (गळाची दोरी गुंडाळायची चरखी) नुसती पुसली तरी चालते. समुद्रानंतर त्याच संध्याकाळी रील, गळ, पक्कड, सीटचे बोल्ट गोड्या पाण्यानं धुवा. पाण्याचा जोराचा फवारा रीलवर मारू नका, मीठ आत घुसतं. हलक्या धारेखाली धरा, सावलीत वाळवा.

भाड्याची रील खारट परत आली तर साफसफाईचे पैसे अनामतीतून कापतो. पाणी आमच्याकडे मोजून येतं, पण रील धुवायला एक बादली दुकानामागं कायम भरलेली असते. परतताना रात्री उशीर झाला तरी फोन करा, शटर उघडून देऊ.