पितळ की अ‍ॅल्युमिनियम? लुडविगचे दोन जुळे स्नेअर

साठच्या दशकातला लुडविगचा क्रोमचा स्नेअर, म्हणजे तळाशी तारा ताणलेला छोटा ड्रम, विकायला निघाला की जाहिरातीत हमखास ‘सुप्राफॉनिक’ असं लिहिलेलं असतं. फोटोत चकचकीत शेल (ड्रमचं गोल अंग), त्याच्या मधोमध फिरलेली उठावाची पट्टी, दहा लग (ताण देणारे स्क्रू ज्यात बसतात ते शेलवरचे तुकडे), १४ इंच रुंदी, ५ इंच उंची. एवढ्यावरून ड्रम कोणता ते ठरत नाही, कारण याच रूपाचे दोन ड्रम आहेत. एकाच्या क्रोमखाली पितळ असतं, दुसऱ्याच्या खाली अ‍ॅल्युमिनियम, आणि पितळवाल्यासाठी संग्राहक कितीतरी जास्त पैसे मोजतात. नाशिकच्या भांडी बाजारात ज्याचं आयुष्य गेलं, त्याला पितळी आणि हिंडालियमचं पातेलं डोळे मिटून ओळखता येईल. दोन्हींवर क्रोम चढवून दिलं तर मात्र तोही घटकाभर थबकेल.

शिकागोच्या लुडविग कंपनीने १९६०च्या आसपास ‘सुपर-लुडविग’ म्हणून जो स्नेअर विकला, त्याचं शेल पितळेचं होतं. १९६३च्या सुमारास पितळ जाऊन अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू आला. कंपनी त्याला ‘लुडअलॉय’ म्हणायची, आणि ड्रमचं नाव झालं ‘सुप्राफॉनिक ४००’. घाट तोच राहिला. ९ फेब्रुवारी १९६४ला बीटल्स अमेरिकन टीव्हीवर झळकले, त्यांचा ड्रमर रिंगो स्टार याच्या बास ड्रमवरचं लुडविगचं नाव घराघरांत दिसलं आणि कारखान्यावर मागणीचा लोंढा आला. तोवर शेल बदललेलं होतं. म्हणूनच आज बाजारात फिरणारे बहुतेक सुप्राफॉनिक अ‍ॅल्युमिनियमचे आहेत आणि पितळी मोजकेच.

ओळखायचं कसं? बरेचजण आधी लोहचुंबक काढतात. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम, दोन्हींना चुंबक चिकटत नाही, त्यामुळे या दोघांत निवाडा करायला तो बिनकामाचा. क्रोमखालच्या निकेलच्या थरामुळे पुसटशी ओढ जाणवू शकते, तिने गोंधळू नका. चुंबक शेलला घट्ट चिकटला तर ते शेल स्टीलचं, आणि मग हा ड्रम दोन्हींपैकी कुठलाच नाही. चुंबक रिमला (ड्रमच्या तोंडावरच्या कडीला) लावून निष्कर्ष काढू नका. रिमचा धातू वेगळा असू शकतो.

बॅज, म्हणजे शेलवरचा कंपनीचा बिल्ला, थोडी मदत करतो. लुडविगने त्यावर सीरियल नंबर घालायला सुरुवात केली ती १९६३च्या शेवटाकडे. बिननंबरी कीस्टोन बॅज (कमानीच्या मधल्या दगडाच्या आकाराचा) असेल तर पितळाची शक्यता चांगली. अगदी सुरुवातीच्या काही नंबरवाल्यांतही पितळ निघतं. सत्तरच्या दशकातला निळा-ऑलिव्ह बॅज दिसला तर पितळाची आशा जवळजवळ सोडून द्या. पण बॅज काढून दुसरा बसवता येतो, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं.

वजन जास्त खरं बोलतं. अ‍ॅल्युमिनियमची घनता २.७, पितळेची साधारण ८.५, म्हणजे तिपटीहून जास्त. लग, रिम, थ्रो-ऑफ (तळाच्या तारा लावायचा-सोडायचा खटका) यांचं वजन दोघांतही येत असल्याने अख्खा ड्रम तिप्पट जड लागत नाही, पण हातात घेतला की फरक लपत नाही. परदेशातून मागवणार असाल तर विकणाऱ्याकडून वजनकाट्यावरचा फोटो मागा, आणि एक लग सोडवून त्याच्याखालच्या शेलमधल्या भोकाच्या कडेचा जवळून घेतलेला फोटोही मागा. कडेला पिवळी झाक दिसली तर पितळ. फोटो द्यायला कां-कूं करणाऱ्याला पितळाचा भाव देऊ नका.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे क्रोमची खराबी. अ‍ॅल्युमिनियमला हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि त्यावर दुसरा धातू नीट धरत नाही. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीतल्या प्लेटिंगवाल्याला विचारा, अ‍ॅल्युमिनियम म्हटल्यावर तो आधी जस्ताच्या द्रावणात बुडवायचं बोलेल. मग तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम. एवढं करूनही कुठे बारीक भोक राहिलं की ओल आत शिरते, खालचा धातू फुगतो आणि क्रोमवर फोड येऊन पांढरी भुकटी सुटते. जुन्या सुप्राफॉनिकवर हे देवीच्या वणांसारखे खड्डे इतके सर्रास दिसतात की पुष्कळजण तीच ओळख मानतात. पितळेवर क्रोम घट्ट बसतं; झिजलं तरी खालून पिवळं डोकावतं, फोड क्वचितच.

आता वाजवण्याचं. पितळी स्नेअर भरदार, खालचे सूर जास्त, आवाज थोडा रेंगाळतो. अ‍ॅल्युमिनियमचा कोरडा, टोकदार, चटकन मिटणारा. माझं मत विचाराल तर वाजवायला अ‍ॅल्युमिनियमच घ्या. रेकॉर्डवर ज्याला आपण ‘लुडविगचा आवाज’ म्हणतो तो बहुतांशी याचाच. लेड झेपेलिनचा ड्रमर जॉन बोनहॅम याचा प्रसिद्ध साडेसहा इंची ‘४०२’सुद्धा अ‍ॅल्युमिनियमचाच. आणि नाशिकच्या ढोल-ताशा पथकात ताशावर हात तयार झालेल्या पोराला तर हा कोरडा तडाखा जास्त जवळचा वाटेल, असा माझा अंदाज आहे. पितळेला दिलेले जादा पैसे दुर्मीळपणाचे आहेत. संग्रह करायचा असेल तर जरूर द्या, पण ते आवाजासाठी दिले अशी स्वतःची समजूत घालू नका.

खिसा बेताचा असेल तर तिसरं नाव लक्षात ठेवा: अ‍ॅक्रोलाइट. विद्यार्थ्यांसाठी काढलेला, त्याच धाटणीचं अ‍ॅल्युमिनियमचं शेल, दहाऐवजी आठ लग आणि वर क्रोमच नाही. त्यामुळे फोडांचा प्रश्नच येत नाही.

फोड आलेला सुप्राफॉनिक स्वस्तात मिळाला तर घ्या. खड्ड्यांनी आवाज बिघडत नाही. मात्र हौसेने शेलवर नवं क्रोम चढवून आणू नका, संग्राहक असा ड्रम लगेच खालच्या भावात मागतात. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने पुसा आणि ओलसर केसमध्ये महिनोन्‌महिने कोंडून ठेवू नका.